एकसष्ट नंबरची पिशवी

"पाच किलो चारशे!" फुगा ओरडला. "बसलीस काडे, बसलीस! वर दोनशे ग्रॅम शिल्लक!"

दाराच्या कडीला ताणकाटा अडकवला होता, काट्याला काडीची सॅक लटकत होती आणि फुगा जवळजवळ नाक टेकवून आकडा वाचत होता. काडीने तिथल्या तिथे गिरकी घेतली. शिवणयंत्राचा कोपरा तिच्या कमरेत बसला, पण आज तिला काही लागण्यासारखं नव्हतं.

"काटा हलतोय," दादा म्हणाला. "हलत्या काट्याचं वाचन धरत नसतात."

"काटा नाही, तू हलतोयस! सॅकला हात कोणी लावलाय?"

दादाने खाली बघितलं, हात काढून घेतला आणि घसा खाकरला. काटा पाच चारशेवरच उभा राहिला.

काडीला काडी का म्हणत, ते तिला एकदा बघितलं की कळायचं. वय अकरा, वजन अठ्ठावीस किलो, तेही जेवून उठल्यावर. दादा तिचा सख्खा भाऊ, वय चौदा. त्याला सगळं माहीत असायचं, आणि एखादी गोष्ट माहीत नसली की ती तो आणखी ठामपणे सांगायचा. फुगा हा मावशीचा मुलगा. तो रुसला की गाल फुगवून बसायचा, आणि दिवसातून दोनदा तरी रुसायचा. सुट्टी लागली की काडी आणि दादा मावशीकडे येत, आणि मग मावशीच्या कामाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे.

मावशी पावसाळी कोट आणि तंबू शिवायची. या वर्षी मात्र तिने भलतंच काम अंगावर घेतलं होतं. ती पाणी शिरणार नाही अशा पिशव्या शिवत होती. कापड इतकं पातळ की घडी करून मुठीत मावेल, आणि शिवणीवर आतून पट्टी ठेवून गरम इस्त्रीने ती पक्की चिकटवलेली. तीन आकारांच्या तीन पिशव्या मिळून वजन तीनशे ग्रॅम!

याचं कारण गेल्या वर्षी घडलं होतं. गावच्या होडी मंडळाची मुलांसाठी दरवर्षी एक मोहीम निघे. दोन दिवस पाठीवर सामान घेऊन डोंगर ओलांडायचा, पलीकडे नदीत होड्या टाकायच्या आणि दोन दिवस वल्ही मारत परत यायचं. मंडळाचा नियम एकच, पण कडक. आपलं ओझं आपणच वाहायचं, आणि ते आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असता कामा नये. मंडळाच्या जुन्या रबरी पिशव्या मजबूत होत्या, पण रिकाम्याच दोन किलोच्या. गेल्या वर्षी काडीचं ओझं सहा किलो सातशे भरलं आणि ती धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना हात हलवत राहिली. हात हलवताना ती हसत होती, हे मावशीने बघितलं. नंतर घरामागे जाऊन ती रडली, तेही मावशीने बघितलं. त्याच आठवड्यात तिने कापडाचे नमुने मागवले.

"चल, आता परीक्षा," मावशी शिवणीवरची नजर न हलवता म्हणाली. "एकच मोठी पिशवी का नाही घेतलीस?"

"ती फाटली तर सगळंच भिजेल!" काडीने धडा म्हणून दाखवला. "तीन लहान घेतल्या तर एकच भिजेल. निळीत झोपायचं, पिवळीत कपडे, केशरीत खाऊ. पावसात एक वस्तू हवी म्हणून सगळं उपसायला नको."

"होडीच्या तळाशी कुठली टाकायची?"

"कुठलीच नाही. पातळ कापड घासून विरतं. या पिशव्या सॅकच्या आत ठेवायच्या."

"आणि तोंड?"

"आधी आतली हवा काढायची, मग तोंड तीनदा गुंडाळायचं. दोनदा नाही, तीनदा! मग बकल."

"शाब्बास. फुगोबा, तुमच्या पिशवीला किती गुंडाळ्या बसल्या?"

फुग्याने आपल्या केशरी पिशवीकडे बघितलं. ती बिस्किटांनी गळ्यापर्यंत भरली होती. "एक," तो म्हणाला. "पण घट्ट आहे!"

"एका गुंडाळीची पिशवी आणि झाकण नसलेली बरणी सारखीच. चार पुडे काढ."

"चार? आई, मोहीम चार दिवसांची आहे!"

फुग्याचे गाल फुगायच्या बेतात होते, तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली आणि होडी मंडळाचे कोठीकाका दारात उभे राहिले. मंडळाची कोठी, म्हणजे सामानाची खोली, वीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. वल्ह्यांपासून बादल्यांपर्यंत तिथल्या प्रत्येक वस्तूला नंबर होता. काकांच्या सायकलीला नंबर होता, छत्रीला होता, चष्म्याच्या घरालाही होता. आत येताच त्यांची नजर कडीवरच्या ताणकाट्यावर गेली.

"याला नंबर नाही?"

"तो आमच्या घरचा आहे, काका," मावशी हसली.

"घरचा म्हणून काय झालं? नंबर नाही ती वस्तू हरवली तर शोधायची कोणी?"

एवढं बोलून काका थांबले. त्यांच्या हातात मावशीच्या पिशव्यांची चळत होती. गेल्या आठवड्यात नमुना म्हणून दिलेल्या सहा पिशव्या, नीट घड्या घालून दोरीने बांधलेल्या. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, कप्तानबाईंचा निरोप आहे. नापास."

"किती?"

"सहाच्या सहा. प्रत्येकीत कोरडा कागद घातला, तीनदा गुंडाळून अर्धा तास पाण्याखाली ठेवल्या. कागद चिंब." काकांना सांगतानाही अवघड होत होतं. "बाई म्हणाल्या, उद्या चार वाजता एकदाच पुन्हा बघू. नव्या सहा पाठवा. त्याही गळल्या तर रविवारी रबरीच पिशव्या न्यायच्या."

काडी ताणकाट्याकडे बघत होती. पाच किलो चारशे.

काका गेल्यावर मावशीने सहाही पिशव्या उलट्या केल्या आणि भिंग घेऊन एकेक शिवण तपासायला बसली. एक तास झाला. शिवणींत दोष सापडेना.

"शितावरून भाताची परीक्षा," ती शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाली. "सहा गळल्या म्हणजे कपाटातल्या चोवीसही गळणार. कापडच वाईट निघालं असेल. उद्याची चाचणी नकोच. भर नदीत कोणाचं अंथरूण भिजलं तर मी कोणत्या तोंडाने..." काडीला जवळ ओढून ती म्हणाली, "चुकलं गं माझं. तुला उगाच आशा लावली."

काडीला रडू येत होतं, पण मावशीच्या डोळ्यांत पाणी बघून तिचं जागच्या जागी थांबलं. मावशीची पिशवी गळणं शक्यच नव्हतं. देण्याआधी प्रत्येक पिशवी मावशीने स्वतः टबात बुडवून बघितली होती, आणि तेव्हा पाणी ओतायचं काम काडीकडेच होतं!

"मावशी," ती म्हणाली, "आम्हाला या सहा पिशव्या दे. आणि न्हाणीघर दे."

"न्हाणीघर?" फुगा म्हणाला. "सगळ्यांना?"

पाच मिनिटांत टब काठोकाठ भरला. दादा तपासप्रमुख झाला. त्याला कोणी नेमलं नव्हतं, तो आपोआपच व्हायचा.

"पाणी आत कसं जातं ते दिसत नाही," काडी विचार करत म्हणाली. "पण हवा बाहेर येताना दिसेल ना? सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं!"

"मी तेच म्हणणार होतो," दादा म्हणाला.

"फुग्या, फुगव!"

फुग्याने आयुष्यात पहिल्यांदा गाल चांगल्या कामासाठी फुगवले. पिशवी टम्म झाल्यावर दादाने तिचं तोंड तीनदा गुंडाळून बकल लावलं आणि तिघांनी मिळून ती पाण्यात दाबली. पिशवी ऐकेना. ती एकदा दादाच्या हनुवटीवर आपटली, एकदा फुग्याच्या पोटावर. तिसऱ्यांदा काडीच टबात उतरली आणि तिने दोन्ही गुडघ्यांनी पिशवी दाबून धरली.

बुड बुड बुड...

"शिवणीतून येतायत?"

"नाही!" काडीने मान वाकवून बघितलं. "शिवणीतून एकही नाही. मधूनच येतायत, पिशवीच्या पोटातून! पेन दे, पेन!"

बुडबुडा आला की काडी बोट ठेवायची आणि दादा तिथे ठिपका काढायचा. दहा, वीस, तीस ठिपके. मग त्यांनी पिशवी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि तिघेही बघतच राहिले. ठिपके चार सरळ ओळींत होते. पत्त्याच्या पानाएवढा स्वच्छ चौकोन!

दुसरी पिशवी बुडवली. तोच चौकोन, तिथेच. तिसरी, चौथी, सहावी. सगळ्यांची तीच गत. मग कपाटातली एक कोरी पिशवी आणली. काडी तिच्यावर चक्क बसली, तरी एक बुडबुडा आला नाही.

"उंदीर," फुगा म्हणाला.

"उंदीर चौकोनात कुरतडतो? तो काय भूमितीचा मास्तर आहे?" दादाने डोळे बारीक केले. "हा कट आहे. कोणीतरी मुद्दाम सुईने भोकं पाडतंय. मावशीच्या पिशव्या नापास व्हाव्यात म्हणून!"

"घरून निघाल्या तेव्हा धड होत्या आणि परत आल्या तेव्हा गळक्या," काडी हळूच म्हणाली. "म्हणजे जे झालं ते मंडळात झालं." बोलता बोलता ती पिशवी उलटी करत होती. तळाच्या कोपऱ्यातून काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. नखाएवढा लाल दोऱ्याचा तुकडा.

"आई लाल दोरा वापरतच नाही," फुगा म्हणाला. "पिशवी निळी, दोरा निळा. तिचा नियम आहे."

तिघांनी जाऊन मावशीला सगळं दाखवलं. तिने भिंगातून चौकोन बघितला आणि कपाळावर हात मारला. "मी नुसत्या शिवणी तपासत बसले! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग ती गंभीर झाली. "पण मुद्दाम कोण करेल असं? उगाच कोणावर आळ घेऊ नका. आधी बघा, मग बोला."

"बघतोच!" दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिघे सहा कोऱ्या पिशव्या घेऊन मंडळाच्या शेडमध्ये हजर झाले. आत वार्निशचा आणि ओल्या लाकडाचा वास भरला होता. एका बाजूला होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांवर तरंगायची जाकिटं टांगली होती, आणि मागच्या कोपऱ्यात जाळी लावून कोठीकाकांची कोठी होती. काकांनी पिशव्या मोजून घेतल्या, वहीत लिहिल्या आणि म्हणाले, "चारला या. तोवर इथे काही ढवळाढवळ नको."

"नाही काका!" तिघे एका सुरात म्हणाले, मोठमोठ्याने पाय वाजवत दारापर्यंत गेले आणि चवड्यांवर परत येऊन एका पालथ्या होडीखाली शिरले.

होडीखाली तिघांना पुरेल एवढी जागा नव्हती. दादाचा पाय फुग्याच्या मानेवर होता आणि फुग्याचं कोपर काडीच्या बरगडीत. होडीच्या काठाखालून वीतभर फट होती, तिच्यातून काकांचं टेबल आणि टेबलावरच्या पिशव्या दिसत होत्या.

"बारा वाजता काका जेवायला जातील," दादा कुजबुजला. "तेव्हा गुन्हेगार येईल. माझा अंदाज कधी चुकत नाही."

"काल तू दूध उतू जाणार नाही म्हणाला होतास," फुगा म्हणाला.

"श्श!"

अकरा वाजले. साडेअकरा झाले. फुग्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला, तेव्हा झालेला कागदाचा आवाज काडीला ढगांच्या गडगडाटाएवढा वाटला. बारा वाजले. काका जेवायला गेलेच नाहीत. त्यांनी डबा टेबलावरच उघडला, जेवले, हात धुतले, कोरडे केले. डबा बंद करून त्यावरचा नंबर फडक्याने लख्ख पुसला. मग खण उघडून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली आणि चष्मा लावला.

काडीची नजर मात्र समोरच्या भिंतीवर खिळली होती. तिथे जाकिटं टांगलेली होती. प्रत्येक जाकिटाच्या छातीवर एक पांढरी कापडी पट्टी शिवलेली, तिच्यावर भरतकामातला आकडा. सतरा. अठरा. एकोणीस. पट्टी पत्त्याच्या पानाएवढी, आणि तिच्या चारी बाजूंनी लाल दोऱ्याचे टाके!

तिने मान वळवली. काकांनी सुईत लाल दोरा ओवला होता. त्यांच्या डाव्या हातात मावशीची पिशवी होती, आणि तिच्या पोटावर एक पट्टी तीन बाजूंनी शिवून झाली होती.

"अरे देवा," काडी म्हणाली. "काकाच!"

"चोर!" दादा म्हणाला. "थांब, अजून पुरावा—"

पण काडी थांबली नाही. काका एक टाका घालत होते आणि तो टाका तिच्या पोटात जात होता. ती उठली, डोकं होडीवर धाडकन आपटलं, तरी ती तशीच बाहेर सरपटली. "काका, थांबा! सुई थांबवा!"

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "तू? आणि तू? आणि होडीखालून हे बिस्किटाचे चुरे कोणी..."

"काका, तुम्ही पिशव्यांना भोकं पाडताय!" दादा बाहेर येत गरजला. केसांत कोळिष्टक नसतं तर तो जास्त रुबाबदार दिसला असता.

"भोकं?" काकांचा चेहरा लाल झाला. "मी नंबर शिवतोय! कोठीत आलेल्या वस्तूला पहिला नंबर, मग बाकी सगळं. वीस वर्षांची रीत आहे. रबरी पिशव्यांवरही मीच शिवलेत. त्या कधी गळल्या?"

"त्यांच्यावर कुठे शिवलेत?" काडीने विचारलं.

"पट्ट्यावर. खांद्याच्या. चांगला जाडा पट्टा असतो."

"आणि आमच्या पिशवीला खांद्याचा पट्टाच नाही."

"म्हणून तर पोटावर शिवला. समोर, सगळ्यांना वाचता येईल असा." काकांचा आवाज थोडा उतरला. "गेल्या वेळी नापास झाल्या तेव्हा पट्ट्या उसवून घेतल्या. पट्टी मंडळाची, परत करताना काढायला हवी ना. माझ्या टाक्याने कधी कापड फाटलेलं नाही, पोरी. टाके बघ, एकसारखे!"

टाके खरंच एकसारखे होते. शेवटच्या कडेचे दोन-चारच राहिले होते आणि पिशवीच्या पोटावर एकसष्ट हा आकडा दिमाखात बसला होता. काडीने कोपऱ्यातली बादली उचलली, फुग्याने पिशवीचं तोंड धरलं आणि तिने आत पाणी ओतलं.

क्षणभर काही झालं नाही. मग पट्टी ओली झाली. मग तिच्या चारी कडांनी बारीक धारा सुटल्या, आणि होडी मंडळाच्या कोठीत एकसष्ट नंबरची झारी सुरू झाली.

काका बघत राहिले. त्यांनी एका धारेखाली बोट धरलं, काढलं, पुन्हा धरलं. मग ते खुर्चीत बसले.

"सहाच्या सहा," ते म्हणाले. "आणि ताईंना नापास सांगायला मीच गेलो. सायकलवरून."

दादाने गुन्हेगाराला सुनावायला बरंच भाषण तयार केलं होतं. ते बाजूला ठेवून तो जमिनीवरचं पाणी पुसायला लागला.

काडीने पत्र्याच्या डबीत डोकावून बघितलं. आत भरतकाम केलेल्या पट्ट्या होत्या, बासष्ट, त्रेसष्ट, अशा पुढच्या. "या कोणी केल्यात?"

"तुझ्या काकूने. एकावेळी शंभर करून ठेवल्या होत्या. आता तिच्या डोळ्यांना सुईचं काम झेपत नाही. मी म्हटलं, जपून वापरू. एक काढून दुसरीकडे लावू, पण पट्टी हिचीच लावू." काकांनी चष्मा काढून पुसला. "मी वस्तू जपणारा माणूस गं. आणि बघ काय करून बसलो."

काडीला त्यांचा राग येईना. तिने कोरडी पिशवी हातात घेऊन वरखाली फिरवली. "काका, नंबर असायलाच हवा. पण इथे लावा ना, बकलाच्या फितीवर! फीत गुंडाळीच्या वर असते. तिथे हजार भोकं पडली तरी पाणी आत जात नाही."

काकांनी फीत बोटांत धरून बघितली. हळूहळू त्यांची मान हलायला लागली. "पट्टी दुमडून दोन्ही बाजूंनी टाका... बसेल. बसेल की!"

"पण ही भिजलेली?" फुग्याने एकसष्ट नंबर उचलला. "चार वाजता सहा पिशव्या लागतील. पाचच ठेवू आणि ही होडीखाली लपवू!"

"वहीत सहा लिहिल्यात," काका म्हणाले. "सहाच ठेवायच्या. मी बघतो काय करायचं ते."

चार वाजता धक्क्यावर मोहिमेची सगळी मुलं जमली. मावशी दोन्ही हात पदरात गुंडाळून एका बाजूला उभी होती. मंडळाच्या प्रमुख म्हणजे कप्तानबाई. नाकावर माशी बसू न देणाऱ्या, पण पाण्यात पडलेल्या मुलामागे कपड्यांनिशी उडी घेणाऱ्या. त्यांनी सहा पिशव्यांमध्ये सहा कागद घातले, गुंडाळ्या मोजल्या, विटा बांधल्या आणि पिशव्या पाण्यात सोडल्या.

त्या अर्ध्या तासात काडीने हाताची आठ नखं खाल्ली.

पहिली पिशवी वर आली. कप्तानबाईंनी बकल काढलं, कागद बाहेर ओढला आणि हवेत हलवला. कागद कडकड वाजला. दुसरी, कोरडी. तिसरी, चौथी, पाचवी! मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सहावीतून कागदाचा लगदा निघाला आणि टाळ्या थांबल्या.

"एक गळली," कप्तानबाई म्हणाल्या. "ताई, मला वाईट वाटतं. पण सहातली एक म्हणजे..."

काडीने काकांकडे बघितलं नाही. ती पिशवी का गळली हे तिला माहीत होतं. पण कोणाचं नाव घ्यायचं नाही, असं तिने दोघांकडून वदवून घेतलं होतं. त्यासाठी रविवारी धक्क्यावर उभं राहावं लागलं असतं तर तेही ती राहिली असती. पण रडू आवरेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

"थांबा बाई," मागून आवाज आला. कोठीकाका पुढे आले. टोपी हातात. "ती पिशवी गळत नाही. माझी सुई गळतेय."

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, चौकोन, झारी, आधीच्या सहा पिशव्या, काहीही हातचं न राखता. सांगून झाल्यावर ते मावशीकडे वळले. "ताई, काल मी तुमच्या दारात येऊन नापास म्हणालो. ते तुम्हाला नव्हतं, मला होतं. माफ करा."

"अहो काका," मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसून हसायला लागली.

कप्तानबाईंनी एकसष्ट नंबरची पिशवी उन्हासमोर धरली, बराच वेळ बघितली, मग खाली घेतली. "काकांचं चुकलं, पण माझंही चुकलं. गळतंय कुठून हे न बघता मीही शेरा मारून मोकळी झाले. हे शोधलं कोणी?"

"तपासप्रमुख मी होतो," दादा म्हणाला. मग काडीकडे बघून त्याने वाक्य दुरुस्त केलं. "पण डोकं हिचं. आणि डोक्याला टेंगूळही हिलाच."

"आणि हवा माझी!" फुगा म्हणाला.

सगळा धक्का हसला. कप्तानबाई हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या आणि काडीचे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुला इथे ठेवून गेलो, तेव्हा मागे वळून तुझ्याकडे बघायचा मला धीर झाला नव्हता. या वर्षी पहिल्या होडीत, माझ्यापुढे बस. पिशव्या पास!"

मग जो आरडाओरडा झाला त्याने नदीवरचे सगळे बगळे उडाले.

मावशीने एकसष्ट नंबरच्या पिशवीला आतून ठिगळ इस्त्रीने चिकटवलं आणि टबात बुडवून बघितलं. थेंब शिरला नाही. "ही बाजूला ठेवते," ती म्हणाली. "मोहिमेला बाकीच्या आहेत."

"मला हीच हवी," काडी म्हणाली. त्या पिशवीत तिने आपलं अंथरूण भरलं.

रविवारी सकाळी शेडच्या दारात काकांनी स्वतः ताणकाटा धरला. पाच किलो चारशे ऐंशी, ठिगळासकट. काकांनी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या मुलाला हाक मारायच्या ऐवजी काडीला म्हणाले, "टोपी दे बघू."

"टोपी?"

काका खुर्चीत बसले. पत्र्याच्या डबीतून त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यावर शंभर आकडा होता, काकूने भरलेला सगळ्यात शेवटचा. लाल दोरा ओवून त्यांनी ती काडीच्या टोपीच्या कपाळावर ठेवली आणि शिवायला लागले. एकसारखे, बारीक टाके. मुलं खोळंबली, कप्तानबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, पण काकांनी घाई केली नाही.

"काका, भोकं पडतील!" फुगा ओरडला.

"टोपीला पडली तर चालतात." काकांनी शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि टोपी काडीच्या डोक्यावर बसवली. "पट्टी मंडळाची आहे, लक्षात ठेव. गुरुवारी स्वतः येऊन मला दाखवायची."

"पण मला नंबर कशाला, काका?"

काकांनी टोपी किंचित सरळ केली.

"तू हरवलीस तर शोधायचं कोणी?"

काडीने काकांच्या गळ्याला घट्ट मिठी मारली, सॅक पाठीवर टाकली आणि धावत जाऊन रांगेत पहिली उभी राहिली.